काळोखे सिस्टरचे अठ्ठावीस सांधे

काळोखे सिस्टरना मी सहा वर्षांत एकदाही गरम चहा पिताना पाहिलं नव्हतं. सकाळी साडेनऊच्या सुमाराला समोरच्या टपरीवरून चहा यायचा. आम्ही सगळे तो दोन घोटांत संपवून कामाला लागायचो. सिस्टर मात्र स्टीलचा पेला दोन्ही तळव्यांत धरून खुर्चीवर बसून राहायच्या, डोळे दारातल्या पेशंटच्या रांगेवर. मी नवा होतो तेव्हा एकदा न राहवून म्हणालो, "सिस्टर, घ्या ना, गार होतोय."

"गार व्हायलाच आणलाय," त्या म्हणाल्या.

पेल्याची ऊब हातात उतरली की त्या पेला टेबलावर ठेवायच्या, हात एकमेकांवर चोळायच्या आणि पहिलं नाव पुकारायच्या. साय धरलेला तो चहा मग दुपारी कधीतरी, औषध घ्यावं तसा त्यांच्या पोटात जायचा.

निगडी प्राधिकरणातल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर आमचा सांधेदुखीचा दवाखाना होता. बंगला सरांचा, दवाखानाही सरांचा. मी नुकताच एमडी होऊन त्यांच्या हाताखाली लागलेला, आणि स्वतःबद्दल माझं मत फारच चांगलं होतं. काळोखे सिस्टर तिथे माझ्या आधीपासून एकवीस वर्षं होत्या. देहूच्या जुन्या शेतकरी घरातल्या. ठेंगण्या, रुंद हाडाच्या, साडीवर पांढरा कोट. कामाला बसताना हातातल्या काचेच्या बांगड्या काढून कोटाच्या खिशात टाकायच्या, त्यामुळे त्या चालायला लागल्या की खिसा वाजायचा. नखं अगदी मांसाला लागून कापलेली.

त्यांचं काम होतं सांधे मोजायचं. ऐकायला गमतीचं वाटेल, पण आमवात, म्हणजे आम्ही डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतो तो आजार, असाच मोजावा लागतो. त्याचा काही ताप नसतो थर्मामीटर लावून बघायला. खांदे, कोपरं, मनगटं, हाताच्या बोटांचे दोन-दोन पेरे आणि गुडघे असे अठ्ठावीस सांधे एकेक करून दाबायचे. किती दुखतात ते एका रकान्यात लिहायचं, किती सुजलेत ते दुसऱ्या. तिसरी गोष्ट रक्ताचा रिपोर्ट. चौथी म्हणजे एक आडवी रेघ, तिच्या एका टोकाला शून्य, दुसऱ्याला शंभर. पेशंटनं स्वतःच तिच्यावर फुली मारायची, की आज एकूण माझं असं आहे. हे चारही कॉम्प्युटरला दिलं की तो एक आकडा काढून देतो. आकडा पाचाच्या वर गेला तर आजार पेटलेला, सव्वातीनच्या खाली आला तर आटोक्यात. गोळी वाढवायची की कमी करायची, हे त्या आकड्यावर ठरतं.

मी त्या आकड्यावर भलताच खूश होतो. दशांशचिन्ह असलेली कुठलीही गोष्ट मला तेव्हा खरी वाटायची.

पहिल्याच आठवड्यात मी एका बाईंची बोटं दाबत होतो. त्या दर पेऱ्याला अंग चोरत होत्या आणि मी भराभर 'दुखतं, दुखतं' असं लिहीत सुटलो होतो. मागून सिस्टरचा आवाज आला, "डॉक्टर, हात बर्फात ठेवले व्हते का?"

सगळी खोली हसली. मला राग आला. सिस्टरनी तो राग पाहिला आणि न पाहिल्यासारखं करून माझा अंगठा आपल्या हातात घेतला, बाईंच्या पेऱ्यावर ठेवला आणि दाबला. "तुमचं नख बघा. पांढरं पडायला लागलं की थांबायचं. त्याच्या पुढं दाबलं तर भिंत पण ओरडंल."

मग त्यांनी स्वतः मोजून दाखवलं. उजव्या खांद्यापासून सुरुवात, डाव्या गुडघ्यावर शेवट, क्रम कधी चुकायचा नाही. दाबताना त्या बोटाकडे बघत नसत. तोंडानं चौकशी चालू असायची, पोराची दहावी झाली का, पाणी येतंय का, आणि नजर पेशंटच्या चेहऱ्यावर. दुखणं आणि सूज या दोन रकान्यांबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "दुखतंय ते तिचं, सुजलंय ते माझं." म्हणजे, दुखणं किती हे पेशंट सांगेल ते निमूट लिहायचं, त्यात आपलं डोकं घालायचं नाही. सूज मात्र आपल्या बोटांनी शोधायची, तिथे पेशंटचं ऐकायचं नाही. सुजलेला सांधा पिकल्या चिकूसारखा लागतो, असं त्या सांगायच्या. मला कितीतरी महिने सगळेच सांधे कच्चे लागत होते.

अठ्ठावीस सांधे झाले की सिस्टर आणखी एक गोष्ट करायच्या. ती आमच्या फॉर्मवर नव्हती. त्या पेशंटच्या हाताच्या मधोमध, जिथे सांधा नाही अशा जागी तसंच दाबायच्या. मग नडगीवर. मग कपाळावर. तिथेही दुखलं तर आपल्या फुलस्केप वहीच्या समासात पेन्सिलीनं एक बारीक टिंब द्यायच्या. वहीला दोऱ्यानं पेन्सिल बांधलेली असायची. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाल्या, "असू द्या. कुठं काय मागतंय ते!"

फॉर्मवर नाही म्हणजे कामाचं नाही, असं मी तेव्हा धरून चाललो. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

एकदा मात्र त्यांनी आपण होऊन एक गोष्ट सांगितली. जेवणाची सुट्टी होती. त्यांच्या डब्यातली मेथी मी संपवत होतो. त्या म्हणाल्या, लई वर्षांमागं एक बाई यायची, चिखलीची. अंगानं भरलेली. इथं दुखतं, तिथं दुखतं, सगळीकडंच दुखतं म्हणायची. घरचे कंटाळलेले, आम्ही पण कंटाळलो. हिला सवयच हाय म्हणायचो.

"तिच्या मनगटावर मांस व्हतं. मी वरवर दाबलं आन् सुजेच्या रकान्यात शून्य लिहिलं. तीन खेपा शून्य लिहिलं. वर्षानं आली तवा मनगट आतून खाल्लं व्हतं. घराचं कुलूप उघडाया किल्ली फिरवता येईना तिला." सिस्टर डब्याचं झाकण लावत होत्या, ते काही नीट बसेना. "ते शून्य माझं व्हतं, डॉक्टर."

तेव्हापासून त्या प्रत्येक सांधा दोनदा बघायच्या. अठ्ठावीसच्या छप्पन्न खेपा, दिवसाला वीस-बावीस पेशंट. मी कधी घाई केली तर नुसतं बघायच्या.

जयश्री आमच्याकडे यायची निघोज्याहून. मूळची लातूरकडची. नवऱ्यासोबत चाकणला आली आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तपासणीवर लागली. तिथे दिवसभर गेज, म्हणजे मापाचा साचा, हातात धरून पार्ट तपासायचे. गेजमध्ये बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्टच्या लाल क्रेटमध्ये. तेहतीस वर्षांची, लग्नाला नऊ वर्षं झालेली, आणि तिला मूल हवं होतं. या एका गोष्टीसाठी ती दोन बस बदलून आमच्याकडे येत होती, दुखण्यासाठी नव्हे.

अडचण अशी होती, की आमवाताची आठवड्याची जी मुख्य गोळी असते तिच्यावर गरोदर राहणं धोक्याचं. ती बंद करायची तर आजार आधी शांत हवा. सरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, "आकडा सव्वातीनच्या खाली येऊ दे, सहा महिने राहू दे, मग गोळी थांबवू." ती मान हलवून गेली, आणि आकडा काही केल्या खाली येईना. कधी पाच पूर्णांक दोन, कधी साडेपाच. दीड वर्ष हेच. सरांनी गोळी वाढवली, दुसरी जोडली, आणि आता मोठ्या इंजेक्शनांचं बोलायला लागले. इंजेक्शनं म्हणजे आणखी वर्ष-दोन वर्षं. त्या दिवशी जयश्री आपली पर्स टेबलावरच विसरून गेली.

पुढच्या खेपेला ती हसत आली. नवी साडी, केसात गजरा. सिस्टर सांधे दाबत होत्या आणि मी शेजारी बसून लिहीत होतो.

"इथं?"

"नाही दुखत."

"इथं?"

"नाही वो सिस्टर. आता कमीच झालंय."

अठ्ठाविसांत दोन दुखरे, सूज शून्य. रेघेवर तिनं दहाच्या आसपास फुली मारली. रक्ताचा रिपोर्ट आधीसारखाच होता. मी आकडे कॉम्प्युटरमध्ये टाकले आणि उत्तर आलं तीन पूर्णांक शून्य नऊ. मी जवळजवळ ओरडलोच, "खाली आला!" आणि प्रिंट घेऊन सरांच्या खोलीकडे निघालो.

काळोखे सिस्टर दारात आडव्या उभ्या राहिल्या. "तो कागद देऊ नका आत्ता."

"का?"

"तिच्या पायाची बोटं बघितली का तुमी?"

मी कशाला बघतोय! सिस्टरनी बघितली होती. हाताचा एकेक पेरा दाबताना वर चेहरा हसत होता आणि खाली चपलेत पायाची बोटं आवळली जात होती. सतरा वेळा. सिस्टरनी मोजलं होतं.

त्या परत गेल्या, जयश्रीच्या समोर स्टूल ओढून बसल्या. आवाज चढवला नाही. "पोरी, खोटं का बोललीस?"

जयश्रीनं आधी मान खाली घातली, मग एकदम रडायलाच लागली. "लई दुखूलालंय वो सिस्टर. सगळं अंग दुखूलालंय. पण तुम्ही मला पास करा ना. एकदा पास करा. मी काही म्हणणार नाही पुन्हा."

माझ्या हातातला कागद मला ठेवावा कुठे ते कळेना.

"खोट्या आकड्यावर लेकरू न्हाई आणायचं," सिस्टर म्हणाल्या. "आत आजार जागा असला तर तुलाबी खाईल आन् त्याला दूध पाजायला हात उचलायचा न्हाई तुझा. तुझ्या कंपनीत करतीस का असा पार्ट पास?"

"नाही करत." तिनं पदरानं डोळे पुसले. आणि मग, कामाचा विषय निघाला म्हणून असेल, जरा सावरून म्हणाली, "पण आमच्याकडं एकामागं एक चांगले दिसणारे पार्ट रिजेक्ट व्हायला लागले ना, तर लाइन थांबवतात. म्हणतात, आधी गेज तपासा."

सिस्टर तिच्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या, आपली फुलस्केप वही काढली आणि मागे मागे पानं उलटत गेल्या. खिशातल्या बांगड्या वाजत होत्या. दीड वर्षातल्या जयश्रीच्या सगळ्या नोंदी त्यांनी एकाखाली एक बोट ठेवून मला दाखवल्या. दुखरे सांधे सोळा, सतरा, पंधरा, सतरा. सूज शून्य, शून्य, एक, शून्य. आणि समासात प्रत्येक वेळी टिंबं. हातावर, नडगीवर, कपाळावर.

मी त्या दीड वर्षात प्रत्येक वेळी तिथे होतो. शेवटचा आकडा बघत होतो. तो कशाकशाचा बनलाय हे एकदाही बघितलं नव्हतं.

सिस्टर वही घेऊन सरांकडे गेल्या. मीही मागोमाग गेलो. "सर, हिचं दुखणं खरं हाय," त्या म्हणाल्या, "पण ते सांध्यातलं वाटत न्हाई. निम्मा आकडा त्यानंच वर जातोय. आपलं गेज तपासू एकदा."

सर तापट होते. सांधे मोजणाऱ्या सिस्टरनं आपलं माप चुकतंय असं सांगावं, हे ऐकून घेणारे फार डॉक्टर मी पाहिलेले नाहीत. पण त्यांनी वही ओढली, चष्मा कपाळावर चढवला आणि एकेका नोंदीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "हाताची सोनोग्राफी करा." एवढंच.

सोनोग्राफीत सांध्याला सूज असली, आत आजार जागा असला, तर पडद्यावर तिथे लाल ठिपके पेटतात. जयश्रीच्या दोन्ही हातांचा एकेक सांधा बघितला. पडदा काळा-करडाच राहिला. मला त्या काळ्या पडद्याकडे बघून रडू यायचं बाकी होतं. मशीन जे आज सांगत होतं ते सिस्टरची बोटं दीड वर्ष सांगत होती, आणि आम्ही दोघं शिकलेले पुरुष त्याची बेरीज करून औषधं वाढवत होतो.

सरांनी जयश्रीला समोर बसवून नीट समजावलं. तुला दोन आजार आहेत. आमवात गेलं वर्षभर झोपलाय. जे दुखतंय तो दुसरा, त्याला फायब्रोमायाल्जिया म्हणतात. त्यात सांधे बिघडत नाहीत, पण शरीराची दुखणं ओळखायची यंत्रणा इतकी नाजूक होते की साधा दाबही दुखतो. त्याचा उपाय वेगळा. झोप, रोजचा थोडा व्यायाम, वेगळी गोळी. इंजेक्शनांची गरज नाही.

जयश्रीचा चेहरा पडला. "म्हणजे, माझ्या मनाचंच हाय का सगळं? सासूबाई म्हणतात तसं?"

मी काळोखे सिस्टरना चिडलेलं पाहिलं ते तेवढंच एकदा. "कोण म्हणलं मनाचं? दुखतंय ना? मंग दुखतंय! मी लिहिलंय ते. सतरा लिहिलंय, एक कमी न्हाई केला. सासूला सांग, वही दाखवायला येऊ का म्हणावं."

जयश्री रडता रडता हसली. त्या दिवसापासून आमच्या फॉर्मवर खाली हातानं आखलेला एक नवा रकाना आला, सांध्याबाहेरच्या दुखण्याचा. सर आकड्याआधी वही मागायला लागले.

पुढचे महिने सोपे नव्हते. आठवड्याची गोळी बंद केली, बाळाला चालतील अशी औषधं दिली, काही महिने वाट बघायला लावली. जयश्री दर महिन्याला यायची, सिस्टर छप्पन्न वेळा दाबायच्या, सूज शून्य लिहायच्या आणि मग मला म्हणायच्या, "तुमी पण बघा." दुसऱ्याच्या शून्यावर सही करायची नाही, हा त्यांचा शिरस्ता. वर्षभरानं जयश्री दुपारची आली, रांग सोडून थेट आत घुसली आणि सिस्टरच्या कानात काहीतरी बोलली. सिस्टरनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. आवाज मात्र जरा चिरकलेला होता.

मुलगी झाली.

काळोखे सिस्टर निवृत्त झाल्या त्या दिवशी सकाळपासून दवाखान्यात पेढे, हार, शालींची गडबड होती. त्यातच जयश्री तीन महिन्यांच्या लेकीला घेऊन आली. सिस्टरनी हारासकट ते बाळ मांडीवर घेतलं आणि मला म्हणाल्या, "आज तुमी मोजा. मी हिच्याकडं बघते."

मी घाईत होतो. बाहेर सर भाषणाला उभे राहायच्या बेतात. जयश्री म्हणाली, डॉक्टर, जुनंच दुखणं हाय, रात्रीची जागरणं चालूयेत ना. मी दाबत गेलो. सगळीकडे दुखत होतं, हातावर, नडगीवरही. हे तर ओळखीचंच, असं मनात म्हणून मी सुजेच्या रकान्यात शून्य लिहायला पेन टेकवलं.

सिस्टर बाळाच्या मुठीत आपलं बोट देऊन बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "डॉक्टर, हात तापवले का?"

नव्हते तापवले. मी पेन ठेवलं. टेबलावर सिस्टरचा चहाचा पेला होता, नुकताच आलेला. तो मी दोन्ही हातांत धरला, शंभरेक आकडे मोजले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी जयश्रीनं अंग चोरलं नाही. डाव्या मनगटावर माझे अंगठे थांबले. पुन्हा दाबलं. पिकला चिकू. उजव्या हाताचं मधलं बोट, तेही.

"दोन आहेत," मी म्हणालो. बाळंतपणानंतर आमवात पुन्हा उठतो, हे मी पुस्तकात दहा वेळा वाचलेलं होतं, आणि मी तिथे शून्य लिहिणार होतो. कुलूप न उघडता येणारी ती चिखलीची बाई मी न पाहताही मला दिसली.

"दोनच?"

मी परत बघितलं. "दोनच."

सिस्टरनी बाळ जयश्रीकडे दिलं, आपण उठून तिचे सांधे दाबले, दोनदा. "व्हय, दोनच," म्हणाल्या. "लवकर सापडलंय. औषध दिलं की बसंल." आणि दोरा बांधलेली ती वही माझ्यापुढे सरकवली. "घ्या. लिवा तुमच्या हातानं."

ती वही आजही माझ्याकडे आहे. आता तिच्यात माझं अक्षर जास्त आहे. जयश्रीची सूज दोन महिन्यांत बसली. मनगटं शाबूत आहेत, लेक शाळेत जाते.

त्या दिवशी कार्यक्रम आटोपल्यावर मी गाडी काढून निगडीच्या बस स्टँडवरून घरी निघालो होतो. सिग्नलला थांबलो तर देहूच्या बसच्या रांगेत काळोखे सिस्टर दिसल्या. सरांनी देऊ केलेली गाडी त्यांनी नाकारली असणार. काखेत शाल, पिशवीतून हाराची फुलं बाहेर आलेली, हातात पुन्हा बांगड्या. शेजारच्या टपरीवरचा चहाचा ग्लास त्यांनी दोन्ही तळव्यांत धरला होता, रोज सकाळी धरायच्या तसा, आणि नजर रांगेतल्या बायकांवर होती. हाक मारावी म्हणून मी काच खाली केली, पण मारली नाही.

थोड्या वेळानं त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. हात तापले होते, आणि लावायचे कुणालाच नव्हते. त्या स्वतःशीच हसल्या, ग्लास ओठांना लावला आणि वाफ निघत असलेला तो चहा सावकाश पिऊन टाकला.